जाहिरातीची तारीख आणि नोंदवहीतला शेरा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. सोबतच्या चौदा पीडीएफही एकेक करून उघडल्या. ‘सर, आरक्षण आणि नोकरीतला भेदभाव, यावरची सगळी माहिती एका जागी कुठे मिळेल?’ असं तू विचारलंयस. एका जागी ती कुठेच नाही, आणि सगळी तुला लागणारही नाही. तुला तुझ्या यादीचं उत्तर हवंय. भज-क (भटक्या जमाती-क) मधून अर्ज केलास, १४२ गुण पडले, निवड यादीत नाव नाही. आणि त्याच यादीत सर्वसाधारण, म्हणजे खुल्या गटातल्या महिलांच्या जागेवर शेवटी लागलेल्या मुलीला १३८. हे दोन आकडे एका कोऱ्या कागदावर लिही आणि अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटव. जो कागद या आकड्यांशी बोलत नाही, तो सध्या बाजूला ठेव.

तुझ्या चौदांपैकी पाच पीडीएफ अमेरिकेतल्या निघाल्या. इंग्रजीत शोधलं की तेच वर येतं. तिकडे खासगी मालकांनाही बांधणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. आपल्याकडे भेदभावाविरुद्ध सगळ्या खासगी नोकऱ्यांना लागू होईल असा एकच कायदा नाही. शिवाय त्यातली एक पीडीएफ सरकारी कंत्राटदारांसाठीच्या १९६५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशावर आहे. तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. पीडीएफमध्ये मात्र तो अजून लागू असल्यासारखाच लिहिलाय. आपल्याकडच्या कागदांचंही असंच होतं. म्हणून मजकुराला हात घालण्याआधी तारीख बघायची, ही सवय तू आजपासून लाव.

यात माझी एक चूक आहे, ती तुला सांगतो. निवृत्तीनंतर एक कर्मचारी पदोन्नतीचं विचारायला माझ्या घरी आले होते. मी कपाटातून पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय काढला, त्यांना वाचून दाखवला आणि ‘निश्चिंत राहा’ म्हणालो. तो शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजीच रद्द ठरवला होता आणि शासन सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मला वर्तमानपत्रातून पुसटसं माहीत होतं, पण मी पडताळलं नाही. त्या गृहस्थांनी माझ्या शब्दावर आठ महिने वाट पाहिली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. कागद खरा होता, सही-शिक्क्याचा होता, आणि तरी उपयोगाचा नव्हता.

आता तुझं काम. पहिला कागद जाहिरात. ती मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवर भागवू नकोस, पूर्ण उतरवून घे. तिच्या तारखेला कोणते नियम लागू होते, यावरच तुझा दावा उभा राहणार. उदाहरण देतो. खुल्या गटातल्या महिलांच्या जागेसाठी नॉन-क्रीमिलेअर (उन्नत गटात नसल्याच्या) प्रमाणपत्राची अट होती. महिला व बालविकास विभागाने ती ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढली. तुझी जाहिरात त्याच्या आधीची की नंतरची, हे आधी बघायचं. तुझ्याकडे ते प्रमाणपत्र आहेच, पण समोरचा काय बोलेल ते आधी माहीत असावं.

मग कायदा. केंद्राची टक्केवारी डोक्यातून काढून टाक. तिथे अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, इतर मागासवर्ग २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बलांचे १०. आपल्या राज्याच्या नोकऱ्यांना २००१ चा आरक्षण अधिनियम लागतो, जो २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ मध्ये अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विजा-अ (विमुक्त जाती) ३, भज-ब २.५, भज-क ३.५, भज-ड २, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९, एकूण ५२. तू राज्यात भज-क आहेस, पण केंद्राच्या नोकरीत तुझी जात इतर मागासवर्गाच्या यादीत येते आणि प्रमाणपत्राचा नमुनाही वेगळा लागतो. अभ्यासिकेतली किती मुलं या एका गोंधळात कागदपत्र पडताळणीला बाद होतात, ते तू पाहिलंच असशील. सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाच्या, म्हणजे मराठा आरक्षणाच्या बाबतीत तर वर्षच तपासावं लागतं. २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला रद्द केला आणि २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा आला.

शासन निर्णय कसा वाचायचा ते नीट समजून घे, कारण हे कुठे शिकवत नाहीत. आरक्षणाचे निर्णय बहुतेक सामान्य प्रशासन विभागाचे असतात. त्यांचा क्रमांक ‘बीसीसी’ने सुरू होतो आणि शेवटी ‘१६-ब’ हे कार्यासन असतं. तळाशी अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस; शेवटचे दोन विभागाचे, सामान्य प्रशासनाचे ०७. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कागदावर संकेतांक नसेल किंवा तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून काही सापडत नसेल, तर त्या कागदावर विसंबू नकोस. आणि वरच्या कोपऱ्यात ‘वाचा’ म्हणून जी यादी असते ती मुलं सोडून देतात. खरी वाट तिथूनच जाते. त्या यादीतला प्रत्येक जुना निर्णय काढायचा, त्याच्या ‘वाचा’तले त्याहून जुने काढायचे. मग उलट्या दिशेने यायचं: नंतर शुद्धीपत्रक निघालं का, परिपत्रक निघालं का, नव्या निर्णयाने तो अधिक्रमित केला, म्हणजे मागे सारला का. दोन संध्याकाळी जातील, पण त्या घाल.

तुझ्या प्रश्नाला सर्वात जवळचा निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०२० चा, सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. पोलीस शिपाई भरती होती. इतर मागासवर्गातल्या एका मुलीला २७६.५९४९ गुण, आणि खुल्या महिलांमध्ये शेवटच्या मुलीला २७४.८२९८. तुझ्यासारखंच! न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की खुला प्रवर्ग हा कुणा एका गटाचा कोटा नाही, तो सगळ्यांना खुला आहे. महिलांच्या समांतर आरक्षणातल्या (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच महिलांसाठी राखलेल्या जागांमधल्या) खुल्या जागाही गुणवत्तेवर मागास प्रवर्गातल्या महिलेला मिळू शकतात. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. निकालाचं मराठी भाषांतर मिळालं तर समजायला घे, पण अर्जात उतारा मूळ इंग्रजीचाच दे.

आता एक अडचण, आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. वयाची किंवा परीक्षा शुल्काची सवलत तू घेतली होतीस का? घेतली असेल तर ‘सवलत घेतलेल्याला खुल्या जागेवर मोजता येत नाही’ असं उत्तर येईल. यावर जितेंद्र कुमार सिंह हा २०१० चा निकाल उमेदवारांच्या बाजूने आहे, तर दीपा ई. व्ही. हा २०१७ चा विरुद्ध. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचेच. फरक पडला तो त्या त्या भरतीला लागू असलेल्या नियमांमुळे: उत्तर प्रदेशच्या कायद्यात आणि आदेशांत मुभा होती, दुसऱ्या प्रकरणात नियमांनी मनाई केलेली होती. म्हणून जाहिरातीतलं सवलतीचं कलम चार वेळा वाच. निकालाचं नाव पाठ करून उपयोग नाही, तो कोणत्या नियमावर उभा आहे ते बघ.

आणि आता ज्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली ते, बिंदुनामावली, म्हणजे कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची हे क्रमाने दाखवणारी नोंदवही. मी मागासवर्ग कक्षात नवा होतो तेव्हा एका कार्यालयाची नोंदवही तपासायला आली. लाल कापडात बांधलेली, कडेला वाळवी लागलेली. बिंदू क्रमांक, बिंदूचा प्रवर्ग, कर्मचाऱ्याचं नाव, जात, नियुक्तीचा दिनांक, शेवटी शेरा. शेवटच्या पानावर गोषवारा: अनुसूचित जमातीचा अनुशेष (भरायच्या राहिलेल्या जागा) शून्य. सगळं जुळत होतं. आमचे वरिष्ठ कारकून मात्र पट्टी लावून एकेक ओळ खाली सरकत राहिले, आणि मग मला जुनी निवड यादी मागितली. जमातीच्या बिंदूंवर दाखवलेल्या दोघांना त्या यादीत खुल्या उमेदवारांपेक्षा जास्त गुण होते. ते स्वतःच्या गुणवत्तेवर लागलेले होते, त्यांना राखीव बिंदूवर बसवायचंच नव्हतं. शेऱ्यात ‘गुणवत्तेवर’ हा एक शब्द लिहायचा राहिला होता, आणि त्यापायी जमातीच्या दोन जागा कागदावरून नाहीशा झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या सभरवाल निकालाने हेच तत्त्व बांधून दिलंय, पण मला ते त्या पट्टीखाली कळलं.

म्हणून मला शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश फार मोठा वाटतो. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासांना, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच आदेशात प्रत्येक खात्याने दर तिमाहीला किती नेमणुका झाल्या याचं पत्रक पाठवावं, असंही आहे. कुणी मोजलं नाही तर हक्क हवेत राहतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

ही नोंदवही तुला माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे. ‘माझी निवड का झाली नाही’ असं विचारू नकोस, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद माग: त्या पदाची प्रमाणित बिंदुनामावली, प्रवर्गनिहाय आणि समांतर आरक्षणनिहाय शेवटच्या निवड झालेल्या उमेदवाराचे गुण, निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. सोबत अभिलेखांचं अवलोकन करू द्या, असंही लिही. समोर बसून पानं उलटली की झेरॉक्समध्ये न दिसणारी खाडाखोड दिसते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

पण अपिलांच्या मागे लागून मूळ मुदत घालवू नकोस. तुझी भरती राज्य शासनाच्या विभागाची आहे, म्हणून दाद मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात), आणि तिथे साधारण एक वर्षाची मुदत असते. कार्यालयाला विनंती अर्जावर विनंती अर्ज देत राहिल्याने ती वाढत नाही. १३८ वाल्या मुलीलाही प्रतिवादी करावं लागेल. तुला ते जड जाईल, मला माहीत आहे. तिचा काही दोष नाही, आणि तिची बाजू न ऐकता निकाल लागणं बरोबरही नाही. वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये महिलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. मागासवर्ग आयोगाकडेही तक्रार करता येते, पण तो आयोग शिफारस करतो, नेमणुकीला स्थगिती देऊ शकत नाही. वेळ कमी असेल तर आधी मॅट.

तुझ्या भावाच्या खासगी कंपनीचं थोडक्यात. राज्यघटनेचं कलम १६ शासनाच्या नोकरीपुरतं आहे, कंपनीवर ते टाकता येत नाही. पण त्याच्या पायाच्या अपंगत्वामुळे त्याला डावललं जात असेल तर दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ बघा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचं धोरण करून ते प्रसिद्ध करायचं असतं. त्याने ते धोरण कंपनीकडे लेखी मागावं. दिव्यांग आयुक्तालय पुण्यातच आहे. खासगी नोकरीत न्याय मिळतच नाही असं त्याने म्हणू नये. स्त्री लघुलेखिकांना पुरुषांपेक्षा कमी पगार देणाऱ्या मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान वेतनाचा निकाल दिला, तो एका स्टेनोने लढलेल्या प्रकरणात.

रविवारी सकाळी दहाला घरी ये. जाहिरात, अर्जाची छापील प्रत, शुल्काची पावती, निवड यादीची पूर्ण प्रत, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, सगळं मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. निवड यादी ज्या दिवशी लागली ती तारीख एका चिठ्ठीवर लिहून वर ठेव. माहिती अधिकाराचा मसुदा तूच लिहून आण, आपण शब्द मोजू आणि दुपारपर्यंत स्टॅम्प लावून पाकीट तयार करू. सोमवारी स्पीड पोस्टाने पाठव. पोच आली की ती मला फोटो काढून पाठव आणि मूळ जपून ठेव.

तुझे
सर