'सामुराई चाम्प्लू' ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका पहिल्यांदा बघणार असशील तर

आधी लोकांची मतं वाचत बसू नकोस. "कथा पुढेच सरकत नाही" ही तक्रार तुला हमखास दिसेल. खरं आहे ते. सूर्यफुलांचा वास येणाऱ्या सामुराईला शोधायला फू नावाची मुलगी मुगेन आणि जिन या दोन तलवारबाजांना घेऊन निघते, पण 26 भागांत वाटेतले मुक्कामच जास्त. मला विचारशील तर मालिकेचा जीव त्या मुक्कामांतच आहे. नावातच बघ ना, जपानच्या दक्षिणेला ओकिनावाकडे 'चाम्पुरु' म्हणजे सगळं एकत्र परतलेला पदार्थ. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबेनं 2004 साली जपानचा जुना, सामुराईंचा एदो काळ आणि हिप-हॉप असेच एकत्र आणले. त्यामुळे इतिहास म्हणून तपासायला गेलास तर चिडशील. एका भागात तर चक्क बेसबॉल आहे!

मारामारी बघताना पायांकडे लक्ष ठेव. मुगेन जमिनीवर हात टेकून ब्रेकडान्ससारखा फिरतो, लाथा मारतो, कुठून वार येईल सांगता येत नाही. जिन मात्र ताठ उभा, एकही हालचाल वाया नाही. दोघं कोण आहेत ते तलवारीतूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

हेडफोन लावूनच बघ. नुजाबेस या जपानी हिप-हॉप संगीतकाराचं संगीत मोबाईलच्या स्पीकरवर वाया जातं. आवाज जपानी ठेव, खाली सबटायटल्स. बारावा भाग बराचसा मागच्याचीच उजळणी आहे, कंटाळलास तर सोड. पण चार-पाच भाग झाल्याशिवाय मत बनवू नकोस, आणि शेवट कुणाकडूनही ऐकू नकोस.