‘तिच्या डोक्यातलं खूळ काढा’

तुमची लेक भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुणही उत्तम आहेत. पण ‘वैज्ञानिक पद्धतसुद्धा समाजाने घडवलेल्या मूल्यांवर उभी आहे’ असं ती म्हणते आणि पुढे विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकायचं म्हणते. हे खूळ मी काढावं, अशी तुमची विनंती.

मला काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची: ‘हा विषय घरात पुन्हा नको, असं मी तिला बजावलं.’ अहो, विज्ञानाची बाजू घेताना प्रश्नच बंद केलात? १६६० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेचं ब्रीदच मुळी ‘कुणाच्या शब्दावर विसंबू नका’ अशा अर्थाचं आहे. आणि ते ब्रीद हेही एक मूल्यच, बरं का!

मूल्यं आली की विज्ञान म्हणजे नुसतं मत उरतं, हा तुमचा समज. तसं होत नाही. अनेक शाखांत, निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असली की तो ग्राह्य धरतात. कणभौतिकीत, म्हणजे अणूहूनही सूक्ष्म कणांच्या अभ्यासात, शोध जाहीर करायला ती साधारण ३५ लाखांत १ इतकी कमी लागते. हे उंबरठे निसर्गाने आखलेले नाहीत. चुकलो तर किती महागात पडेल, हे तोलून माणसांनी ते ठरवलेत. किंवा पक्ष्यांचं घ्या. गातो तो नर, मादीचं गाणं म्हणजे अपवाद, असं दीर्घकाळ धरलं गेलं. बरेचसे अभ्यासक युरोप-उत्तर अमेरिकेतले, आणि तिथल्या माद्या कमीच गातात. २०१४ साली जगभरच्या नोंदी तपासल्या, तर पाहिलेल्या गायक पक्ष्यांपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते असं निघालं. समजूत माणसांची होती, पण ती मोडली नोंदींनीच. तुमची लेक हेच म्हणत असावी.

रस्ता सरळ आहे: पदवी पूर्ण, मग विज्ञानाच्या इतिहास-तत्त्वज्ञानात पदव्युत्तर शिक्षण, पुढे संशोधन. प्राध्यापकांच्या जागा मोजक्या असतात. काळजी करायचीच तर या जागांची करा. लेकीलाही माझा निरोप द्या: गणित कच्चं ठेवून या विषयात आलेल्यांचे शब्द तेवढे मोठे असतात.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. तुमच्या चार पानांत ती एकदाच बोलली आहे, आणि लगेच तुम्ही तिला गप्प केलंय.