ईव्ही चार्जर सुरू होताच शेजाऱ्यांच्या रेडिओत खरखर येते. चार्जर बदलावा का?

चार्जर बदलू नका, आणि ऑनलाइन मिळणारा फिल्टरही इतक्यात मागवू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवल्यापासून वरच्या मजल्यावरच्या रेडिओत खरखर येते, इंटरकॉममध्ये घरघर ऐकू येते आणि आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) अधूनमधून पडतो, अशी तीन लक्षणे तुम्ही एकाच प्रश्नात दिली आहेत. ही तिन्ही एकत्र दिसली की माझा पहिला संशय अर्थिंगवर जातो, आणि ते खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते आहे याची खात्री होईपर्यंत बाकी कशावरही पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मी उत्तर लिहायला बसलो तो मात्र तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: 'आजकाल मिडियम वेव्ह ऐकतो तरी कोण, असे आमच्या कमिटीचे म्हणणे आहे.' हेच वाक्य मी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या सभेत ऐकले आहे, आणि त्या वेळी तक्रार घेऊन उभा राहिलेला वरच्या मजल्यावरचा शेजारी मी होतो.

खरखर कोठून निघते हे आधी ठरवावे लागते. भिंतीवरच्या एसी चार्जरमध्ये मुख्यतः एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) आणि गाडीशी संवाद साधणारे छोटे सर्किट असते. एसीचे डीसी करण्याचे काम गाडीच्या आत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो, आणि त्यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा उघडझाप करतात. म्हणून सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन तीन अवस्थांमध्ये ऐका: चार्जर चालू पण गाडी जोडलेली नाही, गाडी जोडली आहे पण चार्जिंग थांबवले आहे, आणि चार्जिंग प्रत्यक्ष सुरू आहे. पहिल्या अवस्थेतच खरखर असेल तर चार्जरमधला छोटा पॉवर सप्लाय दोषी आहे; फक्त तिसरीत असेल तर आवाज गाडीतून येतो आणि चार्जर बदलून काहीही साधणार नाही. शक्य असल्यास त्याच चार्जरला दुसऱ्या कंपनीची गाडी लावून पाहा. रेडिओची सुई सावकाश फिरवली आणि खरखर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा वाढताना आढळली, तर ते अंतर हीच बहुधा त्या सर्किटच्या उघडझापीची गती असते. ही नोंद लिहून ठेवा. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये 'रेडिओ खरखरतो' या तक्रारीपेक्षा तिला अधिक वजन येते.

आता आमच्याकडे काय घडले ते सविस्तर सांगतो. माझ्या आईची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर कोठे लागते, त्यासाठी बटण किती फिरवायचे, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे, आणि मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर त्याच बोटांना काहीही सापडत नाही. चौथ्या मजल्यावरच्या तरुणाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पार्किंगमध्ये चार्जर बसवला, तेव्हापासून आईच्या रेडिओवर पहाटेपासून अशी खरखर सुरू झाली की निवेदकाचे शब्दही कळेनासे झाले. तो रात्री उशिरा चार्जिंग लावून ठेवत असे आणि ते सकाळपर्यंत चाले. मी सेक्रेटरींना लेखी तक्रार दिली. सभेत त्यांनी ती वाचून दाखवली, मिडियम वेव्ह आता कोण ऐकतो असे विचारले आणि आजींना मोबाईलवर लावून द्या असा सल्ला दिला. सोसायटीच्या वायरमनने रेडिओच जुना झाल्याचे सांगितले. माझी सारी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात विद्युत देखभाल विभागात झाली आहे. रेडिओ जुना झाला म्हणून तो ठरावीक रात्रींनाच खरखरत नाही, एवढे मला निश्चित कळत होते.

ज्याची गाडी होती तो मुलगा मात्र स्वतःहून वर आला आणि म्हणाला, "काका, मी खाली जाऊन चार्जिंग बंद-चालू करतो, तुम्ही फोनवर राहा." दोन मिनिटांत संशयाला जागा उरली नाही. मग आम्ही आमच्या घराचा मेन स्विच बंद केला, आणि तरीही सेलवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये खरखर तशीच राहिली. ती आमच्या घरातल्या वायरिंगपुरती मर्यादित नव्हती. इलेक्ट्रिकल डक्टमधून (वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) सगळ्या मजल्यांवर चढत होती. जिन्याने उतरताना प्रत्येक मजल्यावर डक्टच्या दारापाशी आवाज वाढत गेला, आणि तळमजल्यावर तो सर्वांत मोठा लागला तो गाडीजवळ नव्हे, मीटर रूमच्या दारात. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत सर्वांचे मीटर एकाच खोलीत एकाच बसबारवरून (पुरवठा वाटणाऱ्या जाड धातूच्या पट्टीवरून) निघतात. चार्जरच्या केबलमधून उलट आलेला गोंगाट त्या बसबारवर पोहोचला की तेथून वर जाणारी प्रत्येक वायर त्याची अँटेना बनते. मोकळ्या आवारात दिशा शोधायची असेल तर आणखी एक उपाय आहे: ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकची) कांडी आडवी बसवलेली असते, आणि तिचे टोक ज्या दिशेला रोखलेले असते त्या दिशेचा आवाज सर्वांत क्षीण ऐकू येतो. इमारतीच्या आत वायरींचे जाळे असल्यामुळे ही पद्धत फसते. तेथे फक्त आवाजाची पातळी पाहावी.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक ठेकेदाराला बोलावून चार्जरच्या डीबीत (वितरण पेटीत) न्यूट्रल म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घेतला. चार्जिंग सुरू असताना तेथे एक-दोन व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे, कारण न्यूट्रलमधून प्रवाह वाहत असतो आणि अर्थमधून वाहत नसतो. आमच्याकडे मीटरने शून्य दाखवले. वायरमनला त्या शून्याचा आनंद झाला. मला भीती वाटली, कारण भार असतानाही शून्य येते ते न्यूट्रल आणि अर्थ जवळच कोठेतरी एकमेकांना जोडलेले असले तर. झाकण काढल्यावर तसेच निघाले. आरसीसीबीच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला, न्यूट्रलवरून अर्थच्या पट्टीला हिरव्या वायरीचा लूप मारलेला होता, आणि खऱ्या अर्थिंगची वायर त्या पट्टीला कोठेही जोडलेली नव्हती.

वायरमनचे उत्तर असे होते की चार्जर 'अर्थ नाही' असे दाखवून सुरूच होत नव्हता, गाडीमालक घाईत होते, आणि सगळीकडे असेच करतात. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतोच, मग येथे जोडला तर काय बिघडले, असेही त्याने विचारले. बिघडते ते असे की ट्रान्सफॉर्मरपासून मीटर रूमपर्यंत न्यूट्रलचा एखादा सांधा ढिला होऊन तुटला, तर चार्जरमधून परत येणारा प्रवाह त्या लूपमधून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. ओल्या फरशीवर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून तो जमिनीत जातो, आणि आरसीसीबी पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह अगदी समान असतो. चार्जर 'अर्थ नाही' असे सांगत होता ते खरे होते. त्याला फसवून सुरू करणे हा माझ्या मते अक्षम्य अपराध आहे, आणि सगळीकडे असेच करतात या सबबीने तो कमी होत नाही.

खरे अर्थिंग गेले कोठे याचा शोध आवारात लागला. पेव्हर ब्लॉक नव्याने बसवताना अर्थिंगच्या खड्ड्यांची झाकणे ब्लॉकखाली गाडली गेली होती. खड्ड्यात पाणी घालणे बंद झाले होते, आणि मीटर रूमकडे येणारी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी सांध्यापाशी गंजून तुटली होती. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ही पट्टी कायमची टिकेल असे धरून चालणे चूक आहे. याचा अर्थ असा की फक्त चार्जर नव्हे, पूर्ण इमारतच अर्थिंगवाचून चालली होती. गिझर आणि वॉशिंग मशीन वापरणाऱ्या प्रत्येक घराला तो धोका होता, आणि त्याची पहिली सूचना आईच्या रेडिओने दिली होती.

खरखरीचा आणि अर्थिंगचा संबंध कसा, हे थोडक्यात सांगतो. गाडीच्या आतल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल यांपासून अर्थकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, आणि उच्च वारंवारतेचा गोंगाट त्यांतून अर्थच्या वायरीत उतरून जागच्या जागी जिरावा अशी ती रचना असते. अर्थच्या जागी न्यूट्रल असेल तर तोच गोंगाट न्यूट्रलवरून बसबारपर्यंत जातो. नवा खड्डा, नवी पट्टी आणि चार्जरला स्वतंत्र अर्थची वायर एवढे काम झाल्यावर अस्मिता पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागली, फक्त दोन निवेदनांमधल्या शांततेत बारीक गुणगुण उरली. ती उरणार हे अपेक्षित होते, कारण लांब वायरीचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) मीटरमागे अंदाजे एक मायक्रोहेन्री धरले तर तीस मीटर वायरीचा विरोध ५० हर्ट्झला नगण्य असतो, पण ५५८ किलोहर्ट्झला तो सुमारे शंभर ओहम होतो. हा उरलेला भाग फेराइटने काढावा लागतो.

येथे तुमच्या फिल्टरच्या प्रश्नाकडे येतो. केबलवर चिमट्यासारखा बसणारा फेराइटचा एकच मणी मिडियम वेव्हवर जवळजवळ निरुपयोगी असतो. मोठी रिंग घ्या, मँगनीज-झिंक जातीची घ्या, आणि चार्जरकडे येणाऱ्या केबलचे तिच्यातून तीन-चार वेढे घ्या. वेढे तिप्पट केले की परिणाम साधारण नऊपट होतो. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायरी रिंगमधून एकत्रच गेल्या पाहिजेत. एकटी फेज ओवली तर रिंग संपृक्त होऊन तापेल आणि उपयोगही होणार नाही. रिंग चार्जरच्या अगदी जवळ बसवावी. अर्थला जोडलेले कपॅसिटर असलेला तयार फिल्टर बत्तीस अँपिअर क्षमतेचा मिळतो, पण खरे अर्थिंग नसताना तो लावणे केवळ व्यर्थ नाही, धोक्याचे आहे, कारण त्याचा धातूचा डबाच विजेच्या दाबाखाली येऊ शकतो.

आरसीसीबीबाबत थोडेच सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार चार्जिंग पॉइंटला ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसलेले आणि किमान टाइप ए दर्जाचे संरक्षण लागते. तुमच्याकडे टाइप एसी (फक्त एसी गळती ओळखणारा) बसवलेला असेल तर तो बदलून घ्या, आणि चार्जरसाठी स्वतंत्र आरसीसीबी ठेवा, म्हणजे इतर उपकरणांची गळती त्यात मिसळणार नाही. पडतो म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला पुन्हा डीबीला हात लावू देऊ नका. इंटरकॉमची घरघर बहुधा त्याची वायर चार्जरच्या केबलला लागून एकाच पाइपमधून नेल्यामुळे येते. दोन्हींमध्ये फूटभर अंतर ठेवा आणि जेथे छेद घ्यावाच लागेल तेथे काटकोनात घ्या.

हे सारे घरगुती एसी चार्जरबद्दल आहे, थ्री-फेज जोडणी किंवा गच्चीवरचे सौर इन्व्हर्टर असतील तर तपासणी अधिक व्यापक करावी लागते. चार्जरचा पुरवठा पूर्ण बंद केल्यावरही खरखर तशीच राहिली तर चार्जरचा संबंधच नाही. लिफ्टचा ड्राइव्ह किंवा जिन्यातले स्वस्त एलईडी दिवे पाहा. अर्थिंग उत्तम असूनही एखाद्या मॉडेलचा ऑनबोर्ड चार्जर गोंगाट करतोच, अशीही उदाहरणे असतात. आणि डीबीचे झाकण तुम्ही स्वतः उघडू नका.

कमिटीला पत्र देताना रेडिओवरून सुरुवात करू नका, कारण चर्चा लगेच मिडियम वेव्ह ऐकावे की नाही यावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. आमच्या सभेत नेमके तेच झाले. शेजाऱ्याने काय ऐकावे हे ठरवण्याचा कमिटीला अधिकार नाही, ही माझी भूमिका त्या दिवशी होती आणि आजही आहे. पत्रात एवढेच मागा: आवारातल्या प्रत्येक अर्थिंग खड्ड्याचे रोधमापन, शेवटच्या मापनाची तारीख, मीटर रूमपर्यंतच्या पट्टीची तपासणी, आणि तुमच्या डीबीत न्यूट्रल व अर्थ वेगळे असल्याचा परवानाधारक ठेकेदाराचा लेखी दाखला. तो दाखला हातात येईपर्यंत त्या पॉइंटवर गाडी लावू नका, आणि खरखरीची तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांना भेटून मोजमापाच्या वेळी ट्रान्झिस्टर घेऊन खाली येण्याची विनंती करा.