मुलगी जर्मनीला निघाली म्हणते, तेव्हा आईने आधी काय विचारावं?

प्रश्न : माझी मुलगी 24 वर्षांची आहे. मिरजेत जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलं, दोन वर्षं सांगलीच्या एका खासगी रुग्णालयात नोकरी करते, हातात 16,000 रुपये येतात. आता जर्मनीला जायचं म्हणून हटून बसली आहे. एक एजन्सी साडेतीन लाख मागते, सहा महिन्यांत पाठवतो म्हणते आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणते. मिस्टर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात, तामिळनाडूला असतात. पैसे शेकडा दोनने उचलावे लागतील. स्थळं येतात, ती टाळते. इथं काय कमी आहे म्हणून माणसं घरदार सोडून परमुलखात जातात? तिला अडवावं की पैसे उभे करावेत? आम्ही काही कमी केलं का? – एक आई, विटा, जि. सांगली

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात मुख्य दोन प्रश्न आहेत. पैशाचा प्रश्न सोपा आहे, त्याचं उत्तर पुढे देते. ‘इथं काय कमी आहे’ हा अवघड. त्याचं निम्मं उत्तर तुमच्या घरातच आहे.

खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला भारतभर गेली, ती हौसेनं गेली नाहीत. पाऊस नव्हता, माळरानावर पिकत नव्हतं. पण दुष्काळ बीडलाही होता, तिथून गलाईवाले निघाले नाहीत. तुमच्या भागातला एक जण गेला, त्यानं भट्टी लावली, मग भावाला नेलं, भाच्याला नेलं. कुठल्या शहरात कोणाकडे उतरायचं आणि काम कोण शिकवणार हे ठरलेलं असलं की घर सोडणं सोपं होतं. पुढे टेंभू योजनेचं पाणी आलं, काही शिवारं हिरवी झाली, तरी गलाईची दुकानं उठून परत आली नाहीत. जाण्याचं मूळ कारण मिटलं तरी पडलेली वाट चालूच राहते.

परदेशी जाणाऱ्या नर्सचंही असंच आहे. इथला पगार, तिथली गरज आणि आधी गेलेली मैत्रीण ही तीन कारणं एकत्र आली की मुलगी निघते.

पगाराचं बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांतल्या नर्सना 50 खाटांच्या आतल्या ठिकाणीही किमान 20,000 रुपये द्यावेत आणि 200 खाटांच्या वर असेल तर राज्य शासनाइतका पगार द्यावा अशी शिफारस केली. अंमल राज्यांवर सोडला. इतक्या वर्षांनी तुमच्या मुलीच्या हातात 16,000 पडतात. तिनं असमाधानी असणं हा तिचा हट्ट नाही.

जर्मनीत 1960 च्या आगेमागे जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होते आहे. म्हातारी माणसं वाढली आणि त्यांना सांभाळणारे हात त्या मानानं कमी पडले. म्हणून 2020 पासून त्यांनी कायदे बदलून बाहेरच्या कुशल लोकांना वाट मोकळी केली, आणि 2024 मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. महाराष्ट्र शासनानंही त्याच वर्षी बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. म्हणजे मागणी खरी आहे, एजंटनं रंगवलेली नाही. त्यानं रंगवलेत ते सहा महिने आणि साडेतीन लाख.

आता मुलीशी बोला. ‘का जातेस’ असं विचारू नका, त्यात आरोप ऐकू येतो. ‘तिथं गेल्यावर तिसऱ्या वर्षी तुझा दिवस कसा असावा’ हे तिला एका कागदावर लिहायला सांगा आणि तिला एकटीला लिहू द्या. त्यातून खरं कारण कळेल, आणि कारणावर पुढची वाट ठरते.

कारण फक्त पगार असेल तर इथलीही एक वाट बघायला हवी. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं 44,900 पासून, आणि तिथल्या नॉरसेट या भरती परीक्षेला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव असलेली जीएनएमही बसू शकते. तुमची मुलगी त्यात बसत असेल तर जर्मन शिकता शिकता हे अर्जही भरावेत. एकामुळे दुसरं अडत नाही.

कारण ‘मैत्रीण गेली’ एवढंच असेल तर त्या मैत्रिणीशी तासभर बोलावं. फोटोंवर नको. पहिले सहा महिने कुठल्या वॉर्डात होती, रात्रपाळीत एकटी होती का, जर्मन कुठे अडलं, घर कोणी शोधून दिलं, करारात किती वर्षं बांधलं आहे, हे विचारावं.

आणि एक कारण मुली आईला सहसा सांगत नाहीत. स्वतःची खोली, स्वतःच्या नावाचं खातं, लग्नाचा निर्णय आपल्या गतीनं घेण्याची मुभा. तुम्ही लिहिलंय की ती स्थळं टाळते. कागदावर असं काही निघालं तर कृपा करून त्यावर वाद घालू नका. हे कारण लबाडीचं नाही, जगभर असंख्य मुली याच कारणानं घर सोडतात. फक्त तेवढंच हवं असेल तर पुण्या-मुंबईतली नोकरीही ते देऊ शकते. ‘लग्नाचं दोन वर्षं बोलणार नाही’ असं तुम्ही सांगून बघा. त्यानंतरही तिला जर्मनीच हवी असेल तर तिला खरंच तिथलं काम करायचं आहे असं समजा.

ते काम कसं असतं हे मात्र तिला आधी माहीत हवं, कारण पहिल्या वर्षी मुली खचतात त्या इथेच. आपल्याकडे नर्स सलाइन लावते, इंजेक्शन देते, नोंदी ठेवते; पेशंटला पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात. जर्मनीत ही अंगाची शुश्रूषा, ज्याला ते ‘ग्रुंडफ्लेगे’ म्हणतात, नर्सच्या कामाचा गाभा आहे. नातेवाईक भेटून निघून जातात. सकाळपाळीला पाच-सहा म्हाताऱ्यांना उठवायचं, तोंड-अंग धुवायचं, कपडे घालायचे, न्याहारीला बसवायचं. शिरेत सुई घालणं किंवा रक्त काढणं बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टर करतात. आयसीयूत काम केलेल्या मुलीला वाटतं, माझं शिक्षण वाया गेलं. तसं नसतं, तिथं या कामाला मान आणि कायद्याचं संरक्षण दोन्ही आहे, पण हे विमानतळावर उतरल्यावर कळू नये. नोकरी रुग्णालयात आहे की वृद्धनिवासात, हेही नेमणुकीच्या कागदावर बघून घ्या.

जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा पेशा आहे. तिच्या जीएनएमची तुलना त्या त्या राज्याचं कार्यालय आपल्या अभ्यासक्रमाशी करतं. थिअरीचे तास किती, प्रात्यक्षिकाचे किती, कोणत्या विभागात. बहुतेक भारतीय नर्सना ‘एवढं कमी पडतं’ असं लेखी उत्तर येतं. त्याला घाबरायचं कारण नाही. ती तूट भरायला दोन मार्ग असतात : तिथल्या रुग्णालयात काही महिन्यांचं जुळवणी प्रशिक्षण, नाहीतर ज्ञानपरीक्षा, ज्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक असे भाग असतात आणि नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. तोपर्यंत ती सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचा.

भाषा बी2 (ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या पायऱ्यांतली चौथी) झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. अनेक रुग्णालयं बी1 वर बोलावतात आणि बी2 तिथं पूर्ण करायला सांगतात, पण पूर्ण पाळी करून संध्याकाळी वर्ग सोसणं फार जड जातं. शक्य तर बी2 इथेच करावं. शून्यापासून बी2 पर्यंत 45 मिनिटांच्या साधारण 600 ते 800 तासिका लागतात. नोकरी आणि रात्रपाळ्या सांभाळून हे 14 ते 18 महिन्यांचं काम आहे. सहा महिन्यांत होतं असं सांगणारा माणूस तासिका मोजत नाही. वर्ग आणि परीक्षा मिळून लाख-दीड लाख धरा, तेही टप्प्याटप्प्यानं भरायचे. पुण्या-मुंबईतल्या मॅक्सम्युलर भवनात गोएथे या जर्मन संस्थेची परीक्षा होते. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत 60 टक्के लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. ऐकण्याकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावं. वॉर्डातली पाळीबदलाची माहिती भराभर आणि बोलीत दिली जाते, ती कानाला पुस्तकी जर्मनसारखी लागत नाही.

कागदांत आपल्याकडच्या मुलींचं हमखास अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, नर्सिंगच्या पदविकेवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगनं. आपल्याला ती एकच व्यक्ती दिसते, परदेशी कारकुनाला तीन. पासपोर्ट, जन्मदाखला, पदविका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हे चार कागद आज रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावातलं अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर दुरुस्ती आताच सुरू करा. सोबत परिषदेकडून वर्तणुकीचा दाखला, कॉलेजकडून तासांसह अभ्यासक्रमाचा उतारा, रुग्णालयाकडून विभागवार अनुभवपत्र. नोकरी सोडून दोन वर्षं झाली की हे अनुभवपत्र मिळवताना नाकी नऊ येतात.

अपोस्टिलचंही (कागद खरा असल्याचा, परदेशासाठीचा सरकारी शिक्का) सांगते, कारण त्यावर बरेच पैसे जातात. अपोस्टिलच्या करारात भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं आक्षेप घेतला आहे, त्यामुळे आपला तो शिक्का तिथं आपोआप चालत नाही. एजन्सी ‘सगळ्या कागदांचं अपोस्टिल’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर आधी संबंधित जर्मन कार्यालयाकडून, काय लागतं ते लेखी मागवा.

आता ते साडेतीन लाख. शेकडा दोनने महिन्याचं व्याज 7,000. भाषेला 18 महिने लागले तर मुलगी घरातून हलायच्या आत 1,26,000 नुसतं व्याज, आणि कमावणार ती महिन्याला 16,000. असं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी करारात काहीही लिहिलेलं असलं तरी सही करते. परदेशात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा अशा कर्जामुळे.

आणि एवढे पैसे लागतच नाहीत. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 18 टक्क्यांनी 35,400. उरलेले ‘ट्रेनिंग पॅकेज’ म्हणून दाखवतात. तेव्हा शिकवणीची फी वेगळी, पावती वेगळी असा आग्रह धरा. त्याहून चांगलं म्हणजे, जर्मनीत नर्सभरतीसाठी सरकारी दर्जाचिन्ह आहे, ‘फेअर अनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’. ते असलेल्या संस्थांमध्ये भरतीचा खर्च मालक करतो, नर्सकडून घेत नाही. बी2 हातात असलेल्या मुलीनं अशाच संस्थांकडे अर्ज करावेत. पण तिथंही करारातलं परतफेडीचं कलम बघा : मुदतीआधी सोडल्यास किती युरो, आणि ती रक्कम महिन्यागणिक कमी होते का. कमी होत नसेल तर सही करू नये.

मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची, साक्षांकित प्रत द्यायची, परत घ्यायची.

मिळकतीचा अंदाज देते. वृद्धसेवेत जुलै 2025 पासून किमान वेतन तासाला सहायकाला 16.10 युरो आणि परवानाधारक नर्सला 20.50 युरो ठरलं. महिन्याला 169 तास धरले तर सुमारे 2,720 आणि 3,465. कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून एकट्या मुलीच्या हातात सहायक असताना 1,850 ते 1,900, परवान्यानंतर 2,250 ते 2,300 च्या आसपास पडतात. खोलीभाडं 400 ते 600, जेवण-प्रवास-फोन आणखी तेवढंच. घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते, त्यामुळे पहिले चार महिने घरी पैसे येतील अशी आशा धरू नका. तिथून पैसे आले नाहीत म्हणून फोनवर सुरू झालेली कुरबुर मुलीला थंडीपेक्षा जास्त बोचते.

परतीची वाटही आत्ताच ठेवायची. परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायची. परत आल्यावर तीच उपयोगी पडते. नागरिकत्वाचा विचार कधी आला तर, जर्मनीला 2024 पासून दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही, हे तिच्या लक्षात असू द्या.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘आम्ही काही कमी केलं का?’ ताई, मिस्टर तामिळनाडूला गेले तेव्हा विट्यानं त्यांना काही कमी केलं म्हणून गेले नव्हते, आणि त्यांनी घर सोडलं असं तुम्ही कधी म्हटलंही नसेल. मुलीच्या बाबतीत तोच शब्द लावा.

अडवू नका, आणि साडेतीन लाखही उभे करू नका. महिन्याला सात हजार व्याजाला जाणार होते, त्यातून तिच्या ए1 च्या वर्गाची फी भरा. ए2 पूर्ण होईपर्यंत कोणत्याही एजन्सीला एक रुपया नको. तोवर तिचा कल आणि चिकाटी दोन्ही दिसतील. कागद आधीच जमा केले असतील तर उद्या मुलीबरोबर मिस्टरांना किंवा दिरांना पाठवून ते परत आणा, आणि मूळ प्रमाणपत्रं परत मिळाल्याची पोच दोन्ही बाजूंच्या सहीनं घ्या.