वाचकांचे प्रश्न : सायकलची सीट जागेवर का राहत नाही?

प्रश्न : माझ्याकडे जुन्या पद्धतीची, दांडीची काळी सायकल आहे. रोज तिनेच कामावर जातो. सीट कितीही घट्ट आवळली तरी आठवड्याभरात तिचे टोक वर उचलले जाते आणि मी मागे घसरू लागतो. दुकानात दर वेळी बोल्ट आणखी आवळून देतात. मागच्या खेपेस तर कारागिराने सीट क्लॅम्पला (सीट नळीवर धरून ठेवणाऱ्या पकडीला) वेल्डिंग करून टाकण्याचा सल्ला दिला. तसे करावे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : वेल्डिंग कृपया करून घेऊ नका. सीटखालच्या पोलादी तारा बहुधा 7 मिलिमीटर जाडीच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचा भाग ठिसूळ होऊ शकतो आणि तो तुटलाच तर सायकल चालू असताना, आपले सगळे वजन त्यावर असतानाच तुटेल. शिवाय त्यानंतर सीटचा कोन कधीच बदलता येणार नाही.

आपल्या सायकलीच्या क्लॅम्पमध्ये एकच आडवा बोल्ट तीन कामे करतो. तो दोन्ही बाजूंच्या तारा पकडतो, दाते असलेल्या चकत्या एकमेकींवर दाबून सीटचा कोन टिकवतो आणि सीटच्या नळीच्या वरच्या टोकाभोवती असलेले कडे आवळतो. टोक वर उचलले जाते म्हणजे यांपैकी दुसरे काम नीट होत नाही. बसणाऱ्याचे वजन बोल्टच्या बरोबर वर न येता थोडे मागे येते. सत्तर किलो वजनाच्या माणसाचा भार बोल्टच्या 5 सेंटिमीटर मागे पडतो असे धरले, तर सीट मागे फिरवू पाहणारा जोर सुमारे 34 न्यूटन-मीटर होतो, आणि चाक खड्ड्यात आदळले की तो क्षणभर याहून बराच वाढतो. गुळगुळीत पत्र्याच्या नुसत्या घर्षणाने एवढा जोर पेलला जाणे कठीण असते, म्हणूनच त्या चकत्यांना दाते ठेवलेले असतात. बोल्ट जरासा ढिला असताना काही दिवस सायकल चालवली, तर दाते एकमेकांवर घासून त्यांची शिखरे गोल होतात, आणि एकदा ती गोल झाली की पान्याचा जोर वाढवून काही साध्य होत नाही. उलट बोल्ट ताणला जातो किंवा त्याचे आटे जातात. ‘आणखी आवळा’ हा दुकानातला उपाय दर वेळी आठवडाभरच टिकतो, याचे कारण बहुधा हेच असावे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. क्लॅम्प खोलण्यापूर्वी त्याचे मोबाइलवर दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या, कारण वॉशर आणि चकत्यांचा क्रम चुकला तर जोड कधीच नीट बसत नाही. सर्व भाग रॉकेल आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करून दाते उजेडात पाहा. ते झिजलेले, चपटे किंवा तुटलेले दिसले तर संपूर्ण क्लॅम्प बदला. सायकलच्या सुट्या भागांत तो स्वस्तातला भाग आहे आणि जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतो. कानशीने दाते पुन्हा पाडून देणारे कारागीर भेटतात, परंतु हाताने पाडलेल्या दात्यांमधले अंतर समान राहत नाही आणि मग सगळा भार दोन-तीन दात्यांवरच येतो. पकड वाढावी म्हणून जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा मध्ये घालण्याची पद्धतही टाळावी. रबर दबत राहते आणि जेवढे ते दबते तेवढा बोल्ट ढिला होतो.

दाते चांगले असतील तर चूक बहुतेक वेळा जोडणीत असते. दात्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. बोल्टच्या आट्यांना मात्र थेंबभर तेल द्यावे, कारण कोरड्या आट्यांत पान्याचा बराचसा जोर घर्षणातच खर्च होतो आणि पकडीपर्यंत पोहोचत नाही. नट हाताने आवळून सीट हलकेच मागे-पुढे डोलवावी, म्हणजे एका चकतीचे दाते दुसऱ्या चकतीच्या खाचांत पूर्ण उतरतात. ही पायरी सहसा कोणीच पाळत नाही. दात्याचे शिखर शिखरावरच टेकलेले असताना बोल्ट आवळला, तर तो हाताला घट्ट लागतो खरा, परंतु पहिल्या काही खड्ड्यांतच दाते घसरून खाचेत उतरतात आणि आवळलेला बोल्ट ढिला पडतो. दाते बसल्यावर दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. बोल्टनुसार 13 किंवा 14 नंबरचा पाना लागेल. सायकलवरून पहिली फेरी मारून आल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कड्याची दोन तोंडे आवळल्यावर एकमेकांना टेकत असतील, तर कडे नळीपेक्षा मोठे आहे असे समजावे; तोंडे मिटल्यानंतर बोल्टचा पुढचा सगळा जोर वाया जातो आणि सीट डावी-उजवीकडेही फिरू लागते. अशा क्लॅम्पचे कडे पुष्कळदा 22.2 मिलिमीटरच्या नळीसाठी असते, तेव्हा नवा क्लॅम्प घेताना नळीचे वरचे टोक मोजून घ्यावे. दुसरे म्हणजे, बोल्ट नळीच्या पुढे आहे की मागे ते पाहावे. पुढे असल्यास क्लॅम्प उलट फिरवून तो मागे घ्यावा आणि सीट मात्र तारांवरून सरकवून पूर्वीच्याच जागी ठेवावी. त्यामुळे बसण्याची जागा आणि बोल्ट यांतले अंतर कमी होते आणि वर सांगितलेला जोर त्याच प्रमाणात घटतो. हे करताना क्लॅम्प तारांच्या सरळ भागावरच येईल, वाकणावर येणार नाही, याची काळजी घ्यावी.

प्रश्न : माझ्या गिअरच्या सायकलीची सीट वाकडी होत नाही, परंतु चढावर पाच-सहा किलोमीटर गेल्यावर चांगली दोन बोटे खाली बसलेली असते. सीटच्या नळीला ग्रीस लावल्यामुळे असे होते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ग्रीसवर लगेच ठपका ठेवू नये. नळी आणि फ्रेम दोन्ही धातूची असतील, तर ग्रीसचा पातळ थर आवश्यकच आहे. विशेषतः कोकणातील दमट, खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची नळी पोलादी फ्रेममध्ये कोरडी ठेवली, तर गंजून ती अशी धरते की पुढे काढणेच कठीण होते. थर जाड झाला असेल तर नळी काढून पुसून घ्यावी.

नळीवर फ्रेमच्या तोंडाशी चिकटपट्टीची खूण करून ती खरोखर किती उतरते ते आधी पाहावे. मग तिच्यावर, बहुधा खालच्या टोकाकडे, छापलेला व्यास वाचावा. 25.4, 27.2, 30.9 आणि 31.6 मिलिमीटर ही मापे नेहमी आढळतात, परंतु 0.2 मिलिमीटरच्या फरकाने इतरही अनेक आहेत आणि हा एवढासा फरकच पुष्कळदा दोषी ठरतो. फ्रेम 27.2 ची आणि नळी 27.0 ची असेल, तर नळी सहज आत जाते, वरून ठीक दिसते आणि भार आला की उतरू लागते. आवळल्यावर फ्रेमच्या तोंडाशी असलेली उभी चीर पूर्ण मिटत असेल, तर संशयाला जागाच नाही. शीतपेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी नळीभोवती एकदा गुंडाळली की व्यास नेमका 0.2 ने वाढतो. मात्र ही तात्पुरती सोय समजावी आणि योग्य मापाची नळी घ्यावी.

माप बरोबर असेल तर खटक्याची, म्हणजे फ्रेमच्या तोंडाशी नळी आवळणाऱ्या हाताने उघडता-मिटवता येणाऱ्या कळीची, पकड तपासावी. खटका मिटवताना तळहातावर त्याचा ठसा उमटण्याइतका जोर लागला पाहिजे. तो सहज मिटत असेल तर उघडून समोरचा नट थोडा फिरवावा. घाटात रोज जाणाऱ्याने खटक्याऐवजी ॲलन बोल्टचा (षटकोनी चावीने आवळायचा) क्लॅम्प बसवणे मला अधिक योग्य वाटते. सीट पुन्हा वर घेताना नळीवरील किमान खोलीची खूण फ्रेमबाहेर दिसता कामा नये.

प्रश्न : कार्बनच्या नळीलाही हेच उपाय लागू होतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. कार्बनला ग्रीस लावू नये. त्यासाठी बारीक कणांची खास पेस्ट मिळते, तिने कमी दाबातही पकड येते. पत्र्याची पट्टी येथे अजिबात वापरू नये, कारण तिच्या कडेने कार्बनवर ओरखडा पडतो आणि चीर तेथूनच सुरू होऊ शकते. बोल्ट अंदाजाने आवळू नये. क्लॅम्पवर छापलेला आकडा, बहुधा 5 किंवा 6 न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यावर (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यावर) लावूनच तो आवळावा. तेवढ्यावरही नळी उतरत असेल, तर जोर न वाढवता दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पेस्ट नव्याने लावावी आणि व्यास पुन्हा मोजावा.