अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत कुटुंबासह राहायला जावं का?

नवऱ्याला आयोवा राज्यातल्या एका छोट्या रुग्णालयात डॉक्टरची नोकरी मिळतेय, मुलगी दुसरीत आहे, आणि तिथं आपण अगदी एकटे तर पडणार नाही ना, अशी तुमची धास्ती आहे. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून मी राहते त्या ब्युना व्हिस्टा काउंटीचं सांगते. आयोवाच्या वायव्येला आहे ती. क्षेत्रफळ साधारण 1,500 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका. पण 2020 च्या जनगणनेत माणसं जेमतेम 20,800. त्यातली निम्म्याहून जास्त स्टॉर्म लेक या मुख्य गावात.

आजूबाजूच्या बहुतेक काउंट्यांची लोकसंख्या वर्षानुवर्षं घटतेय. शेतं मोठी झाली, यंत्रं आली, पोरं शहरात गेली. आमची मात्र थोडी वाढली, आणि ती बाहेरून आलेल्या लोकांमुळे. इथला डुकराच्या मांसाचा जुना कारखाना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला आणि 1982 मध्ये आयबीपी कंपनीने तो बऱ्याच कमी मजुरीवर पुन्हा सुरू केला. आता तो टायसन या मांस कंपनीकडे आहे. टर्की पक्ष्यांचा कारखानाही त्यांचाच. कमी मजुरीत ते काम करायला आधी लाओसमधून निर्वासित होऊन आलेले ताय दाम लोक आले, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, अलीकडे मायक्रोनेशियातले. काम फार कष्टाचं: गारठ्यात उभं राहून तासन् तास सुरी चालवायची. 2020 मध्ये इथल्या पाचशेहून जास्त कामगारांना कोविड झाला होता. गाव ज्यांच्या जिवावर चाललंय, ते हे लोक आहेत. तुम्ही डॉक्टरचं कुटुंब म्हणून याल, लोक तुम्हाला आपणहून मान देतील. या माणसांशीही तेवढ्याच आपुलकीने वागा, एवढं मनापासून सांगते.

तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर शाळेत ती वेगळी दिसणार नाही. इथल्या शाळांत बहुसंख्य मुलं गोरी नाहीतच. माझ्या मुलाच्या वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी निम्मी तरी असतील. जुलैत ॲल्टा गावात काउंटीची जत्रा भरते, तिथं तिला आवर्जून न्या. शेतकऱ्यांची दहा-बारा वर्षांची पोरं स्वतः वाढवलेलं डुक्कर रिंगणात घेऊन येतात, हातातल्या काठीने हळूच त्याला वळवतात आणि मागच्या खिशातला ब्रश काढून त्याच्या अंगावरची माती झटकतात. आधी मला डुकरांचा वास सहन व्हायचा नाही. वारा फिरला की आजही तो गावभर येतो. त्याची सवय करावी लागते, दुसरा इलाज नाही.

कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, कच्ची केळी, आलं हे सगळं मेक्सिकन आणि आशियाई दुकानांत ताजं मिळतं. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यासाठी दोन-अडीच तास गाडी हाकत ओमाहा किंवा डे मॉइन गाठायचं. मोठा डॉक्टर लागला तर सू सिटी, सव्वा तास. बसच्या भरवशावर राहता येत नाही, रिक्षा तर नाहीच. म्हणून हिवाळ्याच्या आत गाडीचा परवाना तुमच्या हातात हवाच. जानेवारीत पारा उणे 20 सेल्सियसच्या खाली जातो, वाऱ्याला अडवायला झाड नाही, आणि नवरा ड्युटीवर असताना गाडी न येणारी बाई घरात कोंडली जाते. एकटेपणा येतो तो बहुधा यातून. वाचनालय, चर्चची जेवणं, शाळेतले सामने यांना जात राहिलं की ओळखी होतात. लोक कमी बोलतात, पण बर्फात गाडी अडकली तर न सांगता फावडं घेऊन येतात.

आणखी एक, पाण्याचं. ही जमीन मुळात पाणथळ. शेताखाली निचऱ्याचे पाइप घालून ती मक्या-सोयाबीनखाली आणली. त्या पाइपांतून खतातला नायट्रेट रॅकून नदीत उतरतो आणि पुढे डे मॉइन शहर तेच पाणी पितं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने 2015 मध्ये आमच्यासह तीन काउंट्यांवर खटला भरला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. काउंट्यांच्या वकिलांचा खर्च कोण गुपचूप भरतंय, हे तेव्हा आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या आमच्या स्टॉर्म लेक टाइम्स या वर्तमानपत्राचे संपादक आर्ट कलन यांनी अग्रलेखांतून लावून धरलं. शेतीवर चालणाऱ्या गावात हे लिहायला छाती लागते. त्या अग्रलेखांना 2017 चा पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

तेव्हा गावाबाहेर खासगी विहिरीवरचं घर बघत असाल, तर सही करण्याआधी पाण्यातल्या नायट्रेटची तपासणी करून घ्या. घरात तान्हं बाळ येणार असेल तर हे अजिबात टाळू नका, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही.