सरावात वेळ येते, मग स्पर्धेत का येत नाही?

"मॅडम, आमचा मुलगा सरावात उत्तम पोहतो. पण स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून त्याचे पोट दुखते, दोनदा उलटीही झाली, आणि पाण्यात उतरल्यावर वेळ सरावापेक्षा दोन-तीन सेकंद जास्तच लागते. त्याचे बाबा म्हणतात, हा मनाने कच्चा आहे. आम्ही त्याला पोहणे सोडायला लावावे का?"

तेरा वर्षांच्या एका जलतरणपटूच्या आईने समुपदेशक म्हणून मला विचारलेला हा प्रश्न. खेळणाऱ्या मुलांच्या पालकांकडून तो थोड्याफार फरकाने मी दर हंगामात ऐकते, म्हणून त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव येथे मांडत आहे.

मुलगा पुण्यातल्या एका क्लबच्या स्पर्धक बॅचमध्ये होता. आठवड्यातून सहा दिवस पहाटे साडेपाचला टँकवर जायचे, दोन तास पोहून ओल्या केसांनीच शाळा गाठायची आणि संध्याकाळी पुन्हा तासभर व्यायाम करायचा, असा त्याचा दिनक्रम होता. पावसाळ्यात शालेय जिल्हास्तर, तिथून विभाग आणि राज्य, मधूनमधून क्लबांच्या स्पर्धा, डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी स्पर्धा आणि उन्हाळ्यात पुन्हा वयोगटाच्या स्पर्धा, असे त्याचे वर्ष आखलेले होते. अशा वर्षात घरातल्या सगळ्यांचे वेळापत्रक एका मुलाभोवती फिरू लागते, आणि याचे ओझे मुलाला आपण समजतो त्यापेक्षा बरेच अधिक जाणवते.

पहिल्या भेटीत मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. शाळेत, घरात, टँकवर किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत त्याला कोणाची भीती वाटते का, कोणी त्रास देते का, हे मी साध्या शब्दांत विचारले. खेळणाऱ्या मुलाच्या पोटदुखीकडे नेहमी 'स्पर्धेचे टेन्शन' म्हणूनच पाहणे धोक्याचे असते आणि हा प्रश्न कोणत्याही समुपदेशकाने वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. इथे तसे काही नव्हते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून पोटाचा आजार नसल्याचेही सांगितले होते. त्याची झोप आणि भूक एरवी चांगली होती, शाळेतही तो रमत होता. त्रास फक्त स्पर्धेच्या दिवशी, आणि तोही फक्त वैयक्तिक शर्यतींच्या आधी होत असे. रिलेच्या, म्हणजे चौघांनी एकामागून एक पोहायच्या सांघिक शर्यतीच्या, आधी होत नसे.

रिलेबद्दल बोलताना त्याचा चेहराच बदलला. त्या हंगामात त्यांच्या चौघांपैकी एकाने आधीच्या मुलाचा हात भिंतीला लागण्यापूर्वीच उडी घेतली आणि संघ बाद झाला. आधी भांडण झाले, मग बाहेरच्या गाडीवर चौघांनी मिळून वडापाव खाल्ले, आणि परतताना बसमध्ये ज्याची चूक झाली त्यालाच त्यांनी खिडकीची जागा दिली. "तेव्हा वाईट वाटलं, पण पोटात काही झालं नाही," तो म्हणाला. वैयक्तिक शर्यतीत पोट नेमके कधी दुखते, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "छोट्या शिट्ट्या होतात, मग लांब शिट्टी होते, आपण ब्लॉकवर, म्हणजे उडी घ्यायच्या चौथऱ्यावर, चढतो. तेव्हा मला बाबांची वही दिसते."

पुढच्या भेटीत मी वडिलांना ती वही आणायला सांगितली. तीन वर्षांच्या नोंदी त्यांनी सुवाच्य अक्षरात ठेवल्या होत्या: तारीख, प्रकार, अंतर, वेळ. वेळ सुधारली की हिरवे वर्तुळ, वाढली की लाल. हे काम त्यांनी प्रेमाने केले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ते स्वतः कधी पोहले नव्हते. मुलाच्या जगात शिरण्याचा आकडे हाच एक मार्ग त्यांना सापडला होता.

मला पोहण्यातले तांत्रिक ज्ञान बेताचेच आहे, म्हणून वडिलांच्या परवानगीने मी क्लबच्या प्रशिक्षकांना सोबत बोलावले. त्यांनी पाच मिनिटे पाने चाळली आणि विचारले, "यात तलावाची लांबी कुठे लिहिली आहे?" ती कुठेच लिहिलेली नव्हती.

सरावाचा टँक 25 मीटरचा होता आणि स्पर्धा 50 मीटरच्या तलावात होत होत्या. 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये लहान तलावात तीनदा वळावे लागते, मोठ्या तलावात एकदाच. प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून मिळणारा वेग हातांनी ओढून मिळणाऱ्या वेगापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तोच मुलगा तेवढ्याच ताकदीने पोहला तरी लहान तलावात त्याला कमी वेळ लागतो. दुसरी गोष्ट घड्याळाची. सरावात वडील काठावर उभे राहून हातातल्या स्टॉपवॉचने वेळ घेत. माणूस सुरुवातीचा आवाज ऐकल्यावर क्षणभर उशिरा बटण दाबतो, पण शेवटी भिंतीकडे येणारा हात त्याला आधीच दिसत असतो आणि बटण बरोबर वेळेवर दाबले जाते. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ बहुधा काही दशांश सेकंदांनी कमी भरते. स्पर्धेत हात लागताच घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या टचपॅडला ही सवलत नसते. आणि रिलेतल्या ज्या वेळा वडिलांनी 'मनात आणले तर जमते' याचा पुरावा म्हणून हिरव्या केल्या होत्या, त्यांतही पहिल्याखेरीज बाकीच्यांना आधीच्याचा हात भिंतीकडे येताना दिसत असतो, त्यामुळे आवाजाची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास फायदा सहज होतो.

सरावातली वेळ होती 1 मिनिट 8.4 सेकंद, हंगामातल्या पहिल्या स्पर्धेतली 1 मिनिट 10.9 सेकंद. या अडीच सेकंदांना घरात 'मनाचा कच्चेपणा' असे नाव मिळाले होते. प्रशिक्षकांनी एका रविवारी मुलाला 50 मीटरच्या तलावात, ब्लॉकवरून, नीट वॉर्मअप करून पोहायला लावले. वेळ आली 1 मिनिट 10.6 सेकंद. म्हणजे सराव आणि स्पर्धा यांतले खरे अंतर तीन दशांश सेकंद होते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला नंतर मागची पाने उलटताना दिसली. मोठ्या तलावात त्या मुलाची तोपर्यंतची सर्वांत चांगली वेळ 1 मिनिट 13 सेकंदांच्या वर होती. म्हणजे ज्या दिवशी त्याने 1 मिनिट 10.9 सेकंदांत शर्यत पूर्ण केली, तो त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस होता. त्या दिवशी त्याचे पोट दुखले नव्हते. त्या दिवशी त्याला घरी येताना गाडीत चाळीस मिनिटे समजावण्यात आले होते आणि रात्री त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढले गेले होते. पोटदुखी त्याच्या पुढच्या स्पर्धेपासून सुरू झाली.

मी हे वडिलांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. वही मिटून त्यांनी ती मांडीवर ठेवली. त्यांना दोषी ठरवण्याचा माझा हेतू नव्हता आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तलावाची लांबी लिहायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. टँकच्या काठावर उभे राहून स्टॉपवॉच दाबणाऱ्या बहुतेक पालकांना ते कोणीच सांगत नाही.

तरीही केवळ हिशेब दुरुस्त करून त्रास थांबला नाही, कारण तोपर्यंत भीती खरी झाली होती. उलटी झालेल्या स्पर्धेत तो उपाशीपोटी पोहला होता आणि त्याला 1 मिनिट 13 सेकंद लागले होते. ती घसरण कागदावरची नव्हती. शरीर धोक्यासाठी सज्ज होते तेव्हा रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, हात गार पडतात, मळमळते, पुन्हापुन्हा लघवीला जावेसे वाटते. हे सगळे थोड्या प्रमाणात प्रत्येक स्पर्धकाला होते. या मुलाला ते आपल्या कच्चेपणाचे लक्षण वाटत होते, म्हणून ते सुरू झाले की त्याची भीती आणखी वाढत होती. मी त्याला क्लबमधल्या मोठ्या मुलांना एकच प्रश्न विचारून यायला सांगितले: शर्यतीआधी तुमच्या पोटात काय होते? तो पाच उत्तरे घेऊन आला. त्याला ज्याची पाठ पाहत पोहायची सवय होती, त्या सतरा वर्षांच्या मुलाने सांगितले होते की राज्य स्पर्धेआधी तो तीनदा शौचालयात जातो. माझ्या चार बैठकांपेक्षा हे एक उत्तर अधिक उपयोगी पडले.

बाकीचे उपाय साधे होते. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी रोजच्या सवयीचे हलके खाणे, नंतर लागले तर केळे. रिपोर्टिंगला, म्हणजे शर्यतीआधी स्पर्धकांना एकत्र बसवतात तिथे, बसल्यावर श्वास सावकाश सोडणे, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणे. लांब शिट्टीनंतर डोळ्यांसमोर वही आली तर ती ढकलायची नाही, फक्त पहिल्या पंधरा मीटरांत काय करायचे ते मनात म्हणायचे. वडिलांशी एक करार झाला: परतीच्या गाडीत शर्यतीविषयी मुलाने विषय काढला तरच बोलायचे. पहिल्या वेळी त्यांना हे फार जड गेले, असे आईने मला सांगितले.

वडिलांनी एकदा मला विचारले, "म्हणजे मनाचा काही भागच नसतो का?" मी त्यांना कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे उदाहरण दिले. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यांनी 22.43 सेकंद वेळ नोंदवली, अंतिम फेरीत 22.47, आणि कांस्यपदक 22.46 ला गेले. 2010 मध्ये आशियाई पदक जिंकलेला, ऑलिंपिकमध्ये पोहलेला जलतरणपटूही दोनदा अगदी तीच वेळ देऊ शकत नाही. त्या चार शतांश सेकंदांना कच्चेपणा म्हणण्याची आपली छाती होणार नाही. मग तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती का व्हावी?

वयाचाही भाग होता. त्याच्या गटात ओठांवर मिशी फुटलेली मुले होती आणि हा अजून लहान चणीचा होता. मुलग्यांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण तेरा-चौदाच्या सुमारास येतो, पण कोणाला तो एक-दोन वर्षे आधी येतो, कोणाला तेवढाच उशिरा. या वयात क्रमांकांवरून भविष्य ठरवू नये, हे मी आईला आग्रहाने सांगितले.

डिसेंबरात क्लबची मुले मालवणला गेली. समुद्रात लेन नसते, टचपॅड नसते, आणि लाटा व प्रवाह यांमुळे गेल्या वर्षीच्या वेळेशी तुलना करण्यात अर्थ नसतो. वडील चिवल्याच्या वाळूत टॉवेल घेऊन उभे राहिले. तिथे मुलाला उलटी झाली नाही, पण मी त्याला फार महत्त्व दिले नाही, कारण ज्या भीतीचे कारण जवळ नाही तिची परीक्षा होत नाही.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. त्याआधी प्रशिक्षकांनी त्याला एक काम दिले होते: 1500 मीटर पोहणाऱ्या संघमित्राच्या फेऱ्या मोजायच्या आणि वळणाच्या टोकाला आकड्याची पाटी दाखवायची. 50 मीटरच्या तलावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अशा तीस फेऱ्या होतात, आणि वाकून बसलेल्या मुलाला अठरा-वीस मिनिटे दुसरा विचार करता येत नाही. योगायोगाने त्याची स्वतःची शर्यत त्यानंतर तासाभराने होती.

पोहणे सोडायला लावावे का, या आईच्या प्रश्नाला मी तेव्हाच उत्तर दिले होते: हा निर्णय हंगामाच्या मध्यावर आणि घाबरलेल्या मनाने घेऊ नका, आणि घ्याल तेव्हा मुलाला विचारून घ्या. रोज पहाटे न उठवता उठणारा मुलगा पोहण्याला कंटाळलेला नसतो. याउलट, स्पर्धा नसतानाही भूक आणि झोप उडाली, शाळा टळू लागली, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर मात्र टँक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

शेवटच्या भेटीला तो वही घेऊन आला. आता ती त्याच्या ताब्यात होती आणि अक्षरही त्याचेच होते. तलावाच्या लांबीचा नवा रकाना त्याने पट्टीने आखला होता, वर्तुळे कुठेच नव्हती. उन्हाळ्यातल्या स्पर्धेची नोंद अशी होती: "50 मी. तलाव. 1:10.2. सातवा. पोट दुखले. केळे खाल्ले. टर्न उशिरा."